पतंगांचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ : जे. बी. एस. हाल्डेन

भाद्रपदातली पावसाळी संध्याकाळ. मंडळाच्या मांडवात आरतीची तयारी चाललेली असते आणि दिव्यांभोवती पतंगांची गर्दी जमते. एखादा निरांजनाच्या ज्योतीवर झेप घेतो, एखादा थेट गणरायाच्या मखरावर येऊन बसतो. मुले त्यांना हुसकून लावतात, मोठी माणसे पदराने किंवा उपरण्याने वारा घालतात, आणि प्रसाद वाटून होईपर्यंत सगळे त्यांना विसरूनही जातात. पण अशाच एका साध्या पतंगाचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन मांडणारा आणि त्या हिशेबातून उत्क्रांतीच्या शास्त्राला नवी दिशा देणारा एक विद्वान होऊन गेला. जन्माने तो ब्रिटिश होता. मरताना मात्र भारताचा नागरिक होता. त्याचा देह आपल्या हैदराबादेपासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी दिला गेला. विद्येच्या देवतेच्या उत्सवात जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांची ओळख वाचकांना, विशेषतः आपल्या मंडळातील शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना करून द्यावी, असे आम्हाला वाटले.

बालपण आणि उंदीर

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेवर संशोधन करणारे नामवंत शास्त्रज्ञ होते. खाणीतील विषारी वायूंमुळे कामगार कसे दगावतात, याचा शोध घेण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरत आणि कधीकधी लहानग्या मुलालाही बरोबर नेत. एकदा त्यांनी मुलाला खाणीच्या छताजवळ उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातले एक भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात त्याला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीवर पडल्यावर मात्र श्वास नीट चालू लागला. खाणीतला ज्वालाग्राही वायू हवेपेक्षा हलका असतो, तो वर साठतो, हा धडा मुलगा जन्मभर विसरला नाही. शास्त्राचा प्रयोग आधी आपल्या अंगावर करून पाहायचा, हा दुसरा धडाही त्याने तिथेच घेतला असावा.

आठ-नऊ वर्षांचा असताना, १९०१ मध्ये, वडिलांनी त्याला मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांवरील एका व्याख्यानाला नेले. ते नियम तेव्हा नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. पुढे त्याने धाकटी बहीण नेओमी हिच्या मदतीने घरीच गिनीपिग आणि उंदीर पाळून त्यांच्या पिढ्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. हीच नेओमी मिचिसन पुढे नामवंत लेखिका झाली. दोन गुण एकमेकांना चिकटून पुढच्या पिढीत जातात, हे सस्तन प्राण्यांत प्रथम दाखवणारा निबंध या भावंडांनी आणि एका मित्राने मिळून तयार केला. १९१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तोवर तो मित्र महायुद्धात कामी आला होता आणि हाल्डेन स्वतः आघाडीवर होते. गणरायाच्या वाहनानेच या माणसाला शास्त्राच्या दारात आणून सोडले, असे आम्ही कौतुकाने म्हटले तर वाचकांनी रागावू नये.

नवल असे की पुढे आनुवंशिकी आणि जीवरसायन या विषयांत एवढे नाव मिळवणाऱ्या या गृहस्थांनी विज्ञानाची पदवी कधीच घेतली नाही. ऑक्सफर्डला त्यांनी गणितात प्रथम वर्ग मिळवला आणि मग ग्रीक-लॅटिन साहित्य व तत्त्वज्ञानाकडे वळून १९१४ मध्ये त्यातही प्रथम वर्ग मिळवला. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात लढले, दोन्ही ठिकाणी जखमी झाले. दुसऱ्या जखमेनंतर त्यांना भारतात पाठवण्यात आले. या देशाशी त्यांची ही पहिली भेट.

चिलटे, नकाशा आणि आपले कोसंबी

युद्धाहून परतताच, १९१९ मध्ये, त्यांनी एक छोटे पण मोलाचे काम केले. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी चिलटे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अमेरिकेत थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे विद्यार्थी याच जातीच्या फळमाश्यांवर प्रयोग करीत होते. गुणसूत्र म्हणजे एक माळ आणि जनुके म्हणजे तिच्यातले मणी, असे समजू. पुढची पिढी घडताना जोडीतल्या दोन माळा अधूनमधून तुटून एकमेकींशी सांधल्या जातात. जवळचे मणी सहसा बरोबर राहतात, लांबचे मणी अधिक वेळा वेगळे होतात. मग किती वेळा वेगळे झाले ते मोजले की मण्यांमधले अंतर कळते, आणि न दिसणाऱ्या जनुकांचा नकाशा काढता येतो. मॉर्गन यांचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट याने १९१३ मध्ये असा पहिला नकाशा प्रसिद्ध केला.

यात एक अडचण होती. दोन मण्यांमध्ये माळ दोनदा तुटून सांधली गेली, तर ते पुन्हा एकत्रच दिसतात आणि मोजणारा फसतो. म्हणजे लांबचे अंतर खऱ्याहून कमी भरते. हाल्डेन यांनी ही चूक सुधारणारे सूत्र दिले आणि अंतराच्या एककाला मॉर्गन यांच्या नावावरून सेंटिमॉर्गन हे नाव सुचवले.

इथे आम्हाला अभिमानाने एक मराठी नाव घ्यायचे आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ मध्ये याच प्रश्नावर दुसरे सूत्र प्रसिद्ध केले. हाल्डेन यांनी प्रत्येक तूट स्वतंत्र मानली होती. कोसंबींनी लक्षात घेतले की माळ एके ठिकाणी तुटली की शेजारी लगेच पुन्हा तुटणे कठीण जाते. दोन जनुके शंभरात तीस वेळा वेगळी होत असतील, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४६ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३५. आज डासांचा, रेशीमकिड्यांचा किंवा एखाद्या पिकाचा जनुकनकाशा संगणकावर काढायचा असेल, तर अभ्यासकाला ठरवावे लागते : हाल्डेन की कोसंबी? इतिहासकार म्हणून कोसंबींना आपण ओळखतो, पण जगभरच्या प्रयोगशाळांत रोज त्यांचे नाव याही कारणाने घेतले जाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

मँचेस्टरचा काळा पतंग

१९२३ मध्ये हाल्डेन केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. त्याआधी, १९२२ मध्ये, त्यांनी एक नियम मांडला होता. दोन वेगळ्या जातींचा संकर झाला आणि संततीत नर किंवा मादी यांपैकी एकच जन्मालाच येत नसेल किंवा वांझ निघत असेल, तर ते लिंग बहुधा वेगवेगळी लिंगगुणसूत्रे असणारे असते. माश्यांत ते नर असतात, पतंग-फुलपाखरांत माद्या. शंभर वर्षे झाली, हा नियम हाल्डेन यांच्याच नावाने शिकवला जातो.

पण त्यांचे सर्वांत गाजलेले काम १९२४ चे. इंग्लंडमध्ये एक पतंग असतो. पांढुरक्या पंखांवर मिरेपूड भुरभुरावी तसे ठिपके असलेला. शेवाळी खोडावर तो बसला की दिसेनासा होतो. १८४८ च्या सुमारास मँचेस्टर परिसरात या जातीचा पूर्ण काळा पतंग आढळल्याची नोंद आहे. त्या काळी तिथे गिरण्यांची धुरांडी दिवसरात्र काजळी ओकत होती, झाडांची खोडे काळवंडली होती. शतक संपता संपता त्या भागात जवळजवळ सगळेच पतंग काळे झाले.

डार्विनला मानणारे म्हणत, ही नैसर्गिक निवड. पांढरे पतंग पाखरांना दिसले, काळे वाचले. न मानणारे म्हणत, एवढ्या थोड्या काळात असे होणे शक्य नाही. हाल्डेन यांनी वाद न घालता हिशेब मांडला. हा पतंग वर्षातून एकदाच पिढी देतो. म्हणजे सुमारे पन्नास वर्षांत सुमारे पन्नास पिढ्या. सुरुवातीला काळे शेकडा एक, शेवटी पांढरे शेकडा एक. काळा रंग देणारे जनुक प्रभावी. मग दर पिढीला काळ्यांचा फायदा किती असला पाहिजे? हे चक्रवाढ व्याजाच्या गणितासारखे आहे. मुद्दल, रक्कम आणि मुदत माहीत असली की दर काढता येतो. उत्तर आले की काळे पतंग पांढऱ्यांच्या सुमारे दीडपट संतती मागे ठेवत असले पाहिजेत. नैसर्गिक निवड ही अत्यंत मंद, शेकडा एखाद्या टक्क्याची गोष्ट, असे समजणाऱ्यांना हा आकडा अविश्वसनीय वाटला.

पुढे तीस वर्षांनी, १९५३ मध्ये, केटलवेल यांनी बर्मिंगहॅमजवळच्या काळवंडलेल्या रानात खुणा केलेले पतंग सोडून पुन्हा पकडले. काळे पतंग पांढऱ्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात परत सापडले. डॉर्सेटच्या स्वच्छ रानात याच्या उलट झाले. हाल्डेन यांचा कागदावरचा हिशेब रानात खरा ठरला. केटलवेल यांच्या पद्धतीवर नंतर आक्षेप घेतले गेले, तेव्हा मायकेल मॅजेरस यांनी केंब्रिजला वर्षानुवर्षे खपून प्रयोग पुन्हा केला. निष्कर्ष तोच निघाला. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, काजळी कमी झाली आणि पांढरे पतंग परतले. २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी या पतंगाची जनुके वाचून काळेपणाचे मूळ शोधले. कॉर्टेक्स नावाच्या जनुकात सुमारे २२ हजार अक्षरांचा एक फिरता तुकडा येऊन बसला होता. तो केव्हा आला असावा, हे त्यांनी संगणकावर आकडेमोड करून काढले. उत्तर आले १८१९ च्या आसपास. पहिला काळा पतंग नोंदला गेला त्याच्या आधीची दोन-तीन दशके, म्हणजे गिरण्यांच्याच उदयाचा काळ.

१९२४ ते १९३४ या दहा वर्षांत हाल्डेन यांनी निवडीच्या गणितावर दहा निबंध लिहिले आणि १९३२ मध्ये उत्क्रांतीच्या कारणांवर पुस्तक प्रसिद्ध केले. फिशर, राइट आणि हाल्डेन या तिघांनी डार्विन आणि मेंडेल यांची गाठ गणिताने घालून दिली. आज संगणकावर कीटकांच्या लाखो जनुकांची छाननी होते, तिच्या पायाशी या तिघांचे गणित आहे.

अंगावरचे प्रयोग, आणि एक चूक

हाल्डेन स्वतःच्या शरीराला प्रयोगशाळेतल्या उपकरणासारखे वापरीत. रक्तातील आम्ल वाढवून पाहण्यासाठी त्यांनी नवसागराचे पाणी प्याले. १९३९ मध्ये थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जण दगावले, त्यानंतर त्यांनी बंद पोलादी कोठडीत दाबाखालच्या हवेचे प्रयोग स्वतःवर केले. एका प्रयोगात आचके येऊन पाठीचे मणके दबले, ते दुखणे जन्मभर राहिले. पाणबुड्यांवरच्या खलाशांचे प्राण वाचवण्यासाठी ते ज्ञान कामी आले.

सामान्य माणसाला विज्ञान समजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. कामगारांच्या वर्तमानपत्रात त्यांनी तीनशेहून अधिक लेख लिहिले, मुलांसाठी जादूगाराच्या गोष्टी लिहिल्या. देवाला भुंग्यांविषयी फारच प्रेम असावे, असा त्यांचा एक विनोद प्रसिद्ध आहे. कारण भुंगेरे-ढालकिड्यांच्या नोंदलेल्या जाती साडेतीन-चार लाखांच्या घरात आहेत.

चरित्र लिहायचे तर उणी बाजूही सांगितली पाहिजे. हाल्डेन कट्टर साम्यवादी होते. सोव्हिएत रशियात लिसेन्को नावाच्या माणसाने सत्तेच्या बळावर आनुवंशिकीचे शास्त्रच खोटे ठरवले. निकोलाय वाविलोव हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या परिचयाचे होते, त्यांनीच हाल्डेन यांना १९२८ मध्ये रशियात बोलावले होते. त्या वाविलोवना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये ते तुरुंगात मरण पावले. १९४८ मध्ये लिसेन्कोचा पूर्ण विजय झाला, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध केला; हाल्डेन मात्र गुळमुळीत बोलत राहिले. पतंगांच्या बाबतीत पुराव्याशिवाय एक पाऊल न टाकणारा माणूस आपल्या पक्षाच्या बाबतीत मात्र पुराव्याकडे पाठ फिरवून बसला. १९५० च्या सुमारास ते पक्षातून दूर झाले, पण जाहीर कबुली त्यांनी कधी मोकळेपणाने दिली नाही. आमच्या मते हा त्यांच्या आयुष्यातला मोठा डाग आहे. मोठ्या माणसाची बुद्धी त्याला निष्ठेच्या आंधळेपणापासून वाचवतेच असे नाही, हे यातून आपणही शिकावे.

भारतात

१९५७ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, लंडनची प्राध्यापकी सोडून हाल्डेन पत्नी हेलन स्परवे यांच्यासह भारतात आले. सुवेझवरील ब्रिटनच्या हल्ल्याचा निषेध हे कारण त्यांनी जाहीर केले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या आमंत्रणावरून ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. त्यांनी कुडता घालायला सुरुवात केली, मांसाहार सोडला, आणि इथे पायमोजे घालावे लागत नाहीत याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

ते येण्याआधीच त्या संस्थेत परदेशातून आणलेले गणकयंत्र बसले होते. भारतातला तो पहिला संगणक. पण हाल्डेन यांनी विद्यार्थ्यांना दुसराच रस्ता दाखवला. गरीब देशाने महागड्या यंत्रांची वाट पाहत बसू नये. डोळे, वही आणि गणित एवढ्या भांडवलावर उत्तम संशोधन होते, हे त्यांचे सांगणे. जीव न मारता जीवशास्त्र करावे, असाही त्यांचा आग्रह होता. पक्ष्यांचा अहिंसक अभ्यास कसा करावा, यावर त्यांनी १९५९ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्यांचे आंध्रचे विद्यार्थी कृष्ण द्रोणमराजू यांनी रस्त्याकडेच्या घाणेरीच्या झुडपापाशी बसून कोणते फुलपाखरू कोणत्या रंगाच्या फुलावर जाते, याच्या नोंदी केल्या. घाणेरी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यातून उत्क्रांतीचा प्रश्न विचारता येतो, हे सुचायला हाल्डेन यांच्यासारखा गुरू लागतो. सुरेश जयकर आणि हेलन यांनी गांधीलमाश्यांची घरटी आणि टिटवीचे अंडी उबवणे तासन्‌तास पाहून मोजले. हेलन आणि हाल्डेन यांनी त्यापूर्वीच, १९५४ मध्ये, मधमाशीच्या नाचातून किती माहिती पोचते याचे संख्याशास्त्रीय गणित मांडले होते.

मात्र इथेही स्वभाव आड आला. १९६१ मध्ये संस्थेशी बिनसून ते बाहेर पडले. पुढे ओरिसाचे मुख्यमंत्री बिजू पटनायक यांच्या साहाय्याने भुवनेश्वरला त्यांनी आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभारली. भारताचे नागरिकत्वही घेतले. पण काळ थोडा उरला होता. १९६४ च्या आरंभी आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी त्या रोगावर एक विनोदी कविता लिहिली. लोकांनी लाजून, घाबरून दुखणे लपवू नये, वेळेवर डॉक्टरकडे जावे, हा तिचा हेतू होता. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. मृत्युपत्राप्रमाणे देह काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयात नेण्यात आला. जन्मभर स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणाऱ्याने मरणानंतरही ते शरीर विद्यार्थ्यांच्या हाती दिले.

त्यांना मूलबाळ नव्हते. पण त्यांनी इंग्लंडहून बरोबर आणलेले आनुवंशिकीचे नियतकालिक आज बंगळूरूच्या भारतीय विज्ञान अकादमीतर्फे निघते. आपल्याच हैदराबादेत रेशीमकिड्यांच्या जनुकांवर संशोधन झाले आहे. त्या साऱ्या कामात हाल्डेन यांचे आणि कोसंबींचे गणित आहे.

आमची मंडळातील मुलांना एकच विनंती आहे. या दहा दिवसांत मांडवातल्या दिव्यावर पतंग आले, तर त्यांना मारू नका. किती आले, कोणत्या रंगाचे आले, पांढऱ्या भिंतीवर किती बसले आणि गडद पडद्यावर किती, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. हाल्डेन यांच्या स्मृतीस याहून चांगले अभिवादन आम्हाला सुचत नाही.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥